जिप्सीला डिझेलची दीक्षा

कोल्हापुरात ओतकामाच्या भट्ट्या आणि लेथ यंत्रे इतकी आहेत की, 'हे जमणार नाही' असे म्हणणे इथल्या मिस्त्रीला कमीपणाचे वाटते. माझ्या मारुती जिप्सीत डिझेल इंजिन बसेल का, असे शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्रींना विचारले, तेव्हा त्यांनी गाडीकडे न पाहताच "बसतंय की!" असे सांगून टाकले.

मला डिझेलचा मोह पडला तो भोगावतीकाठच्या उसाच्या शेतामुळे. जिप्सीचे १२९८ सीसीचे पेट्रोल इंजिन ८० अश्वशक्तीचे असले, तरी त्याचा १०३ न्यूटन-मीटरचा पुरता जोर मिनिटाला ४५०० फेऱ्यांवर मिळतो. आणि चिखलात रुतलेल्या गाडीला तेवढ्या फेऱ्या दिल्या, की चाके जागच्या जागी फिरतात व मागून धक्का देणाऱ्या भावकीला अंघोळ घडते. उलट स्विफ्टचे १२४८ सीसीचे डिझेल इंजिन ७५ अश्वशक्तीचेच, पण १९० न्यूटन-मीटर जोर २००० फेऱ्यांवर देणारे. कागदावर हा हिशेब बिनतोड होता.

अपघातग्रस्त स्विफ्टचे इंजिन रीतसर पावतीसह आणले आणि चेन पुलीला लटकवून जिप्सीत उतरवू लागलो, तेव्हा पहिला पेच पडला. स्विफ्टमध्ये हे इंजिन आडवे असते आणि जिप्सीत ते लांबीच्या दिशेने ठेवावे लागते, त्यामुळे त्याच्या खालचे ऑइल चेंबर नेमके पुढच्या डिफरन्शियलवर, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यावर, जाऊन टेकले. इंजिन वर उचलावे तर बॉनेट बंद होईना. अखेर चेंबर कापून त्याला नवा आकार दिला, तेव्हा तेल ओढणारी आतली नळीही वाकवावी लागली. बिडाचा ब्लॉक असलेल्या या पाहुण्याच्या वजनाने जिप्सीने पुढून मान टाकली, म्हणून कमानीत एक पाटा वाढवला. रेडिएटर, इंटरकूलर आणि टाकीकडे परत जाणारी डिझेलची नळी यांची रडकथा सांगत नाही. एवढेच सांगतो की, इंजिन बदलायचे ठरवले आणि इंजिन सोडून बाकी सगळे बदलत बसलो.

एरवी 'एक सूत इकडंतिकडं चालतंय' हे ब्रीद असणारे मिस्त्री जिप्सीचा गिअरबॉक्स आणि नवे इंजिन जोडणाऱ्या अ‍ॅडाप्टर प्लेटपाशी मात्र एकदम कडक झाले. "हितं केसाचाबी फरक चालणार न्हाई. मध्य हुकला, तर क्लच आन् बेअरिंग दोन्ही जात्यात," असे बजावून त्यांनी डायल गेज, म्हणजे बारीकसा फरकही दाखवणारे मापक, लावून ती प्लेट पुन्हा पुन्हा तपासली. चहाला म्हणून आलेल्या आणि सल्ला देऊन जाणाऱ्या मंडळींनाही तेव्हा त्यांनी गप्प बसवले, यावरून प्रसंगाचे गांभीर्य कळावे.

एवढे होऊनही इंजिन सुरू होईना, कारण आपण अजून स्विफ्टमध्येच आहोत अशी त्याची ठाम समजूत होती. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, मूळ गाडीच्या चावीतली चिप ओळखू आल्याशिवाय तो डिझेल सोडत नाही, आणि ती चावी भंगारवाल्याच्या खणात इतर अनाथ चाव्यांमध्ये पडलेली होती. एकेक चावी लावून पाहताना मिस्त्रींनी समस्त इलेक्ट्रॉनिक्सचा उद्धार केला. शेवटी योग्य चावी लागली, इंजिन धडधडले, आणि मिस्त्री आनंदाने ओरडले, "जाळ आन् धूर संगटच!" धूर खरोखरच होता, एक सैल राहिलेला पाइप आवळल्यावर तो थांबला.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ हे नोंदणीतला तपशील आणि निर्मात्याने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पाडणाऱ्या बदलाला आडवे येते. नोंदणीपुस्तकात पेट्रोल आणि टाकीत डिझेल अशी गाडी मला रस्त्यावर आणायची नव्हती, म्हणून ती स्वतःच्या शेतापुरतीच ठेवायचे ठरवून ट्रॉलीवर चढवून नेली. ज्या वाफ्यात ट्रॅक्टरही सावध चालतो, त्यातून ती लो गिअरमध्ये सावकाश, चाके न फिरवता बाहेर आली. भावकीचे कपडे कोरडे राहिले.

बांधावर उभे असलेले आबा हे सगळे शांतपणे पाहत होते. गाडी जवळ आल्यावर त्यांनी आवाज कान देऊन ऐकला, इंजिनावरून नजर फिरवली, खर्चाचा आकडा विचारला आणि म्हणाले, "आवाज ट्रॅक्टरचा, काम ट्रॅक्टरचं, पैसंबी ट्रॅक्टरचंच. मग ट्रॅक्टरच का घेतला न्हाईस, बाळ?"

मी चावी शोधत असल्याचे दाखवले.