भाऊसाहेब अजून परतूरलाच

सकाळी पावणेसातला, टपरीवर, बिनसाखरेच्या चहाचा पहिला घोट पोटात गेला की आमच्यातला कुणीतरी विचारतोच, "मग, सध्या काय वाचायलाव?"

प्रश्न दिसायला गरीब गाईसारखा. शिंगं नंतर दिसतात.

आम्ही अंबाजोगाईचे पाच-सहा निवृत्त लोक रोज मुकुंदराजांच्या वाटेनं फिरायला जातो. जाताना रक्तदाब, येताना राजकारण आणि टपरीवर पुस्तकं, असा क्रम ठरलेला. चहात साखर नसते म्हणून की काय, पुस्तकांबद्दल सगळे फार गोड बोलतात.

आणि पुस्तकांचा विषय आमच्या गावाला शोभतोही. मराठीतला आद्यग्रंथ म्हणून सांगतात तो विवेकसिंधू शके १११० चा, म्हणजे इसवी सन ११८८. तो लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी आमच्या गावात. (ते नेमके कुठले यावर विद्वानांत वाद आहे. अंबाजोगाईत नाही.) मला तर वाटतं, मराठीतलं पहिलं पुस्तक जिथं लिहिलं गेलं तिथंच "द्या की, चार दिवसांत वाचून आणून देतो" हे वाक्यही पहिल्यांदा बोललं गेलं असणार. पुढं दासोपंतांनी इथंच गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव लिहिला असं सांगतात. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून कापडाच्या लांबलचक पासोडीवरही लिहिलं. त्यांना म्हणे रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची. लिहिणाऱ्यांची परंपरा अशी दांडगी. वाचणाऱ्यांची परंपरा माझ्यावरून जोखली, तर गावाची अब्रू जाईल.

तर टपरी. आमच्यात एक निवृत्त प्राध्यापक आहेत. ते फक्त बाजारात न मिळणारी पुस्तकं सुचवतात. आपण कौतुकानं नाव लिहून घ्यायला खिशातून पेन काढावं, तोच ते खुशीनं म्हणतात, "पण ते आता कुठंच मिळायचं नाही!" दुसरे एक गृहस्थ पुस्तक वाचत नाहीत, पुस्तकावरचे व्हिडिओ बघतात. 'सार अकरा मिनिटांत' वगैरे. त्यामुळे आमच्यात सगळ्यात जास्त पुस्तकं त्यांचीच होतात. तिसरे मुक्तिसंग्रामाचे. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळं झालं, देशानंतर तेरा महिन्यांनी, आणि त्या तेरा महिन्यांवरचं कुठलंही पुस्तक हातात आलं की ते आधी मागची नामसूची उघडतात. बोट फिरवत फिरवत खाली येतात. आजोबांचं नाव नसलं की पुस्तक मिटतात आणि म्हणतात, "अपुरं आहे." यात हसण्यासारखं काही नाही. मराठवाड्यात प्रत्येक घरात रझाकाराची एक तरी गोष्ट आहे, आणि कुठलंही पुस्तक आलं तरी त्याला आधी आमच्या आजीची परीक्षा पास व्हावी लागते. माझी आजी असती तर कुठल्याच लेखकाला पस्तीसच्या वर मार्क दिले नसते.

गेल्या पाडव्याच्या सुमाराला माझ्यावर पाळी आली तेव्हा मी छाती पुढं काढून सांगितलं, "पानिपत." प्राध्यापक म्हणाले, "शेजवलकरांचं पुस्तक वाचल्याशिवाय पानिपतावर बोलू नये." मी म्हणालो, "हे त्याच्याही नंतरचं आहे." त्यांना ते मिळण्यासारखं आहे हे कळताच त्यांचा रस संपला.

पुस्तक खरंच होतं. टिपांसकट सहाशे पानांचं, पोटावर ठेवून वाचलं की श्वास वरखाली करताना जाणवणारं. सुरुवात तर अशी झकास की मी दोन दिवसांत नव्वद पानं उडवली. कारण सुरुवातीला सगळा आपलाच मुलूख. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला नमवलं, साठ लाखांचा मुलूख पदरात पाडला. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना आता आपल्याकडं. तिकडं दिल्लीजवळ १० जानेवारीला बुराडी घाटावर अब्दालीच्या फौजेशी लढताना दत्ताजी शिंदे पडलेला. मग परतूरच्या छावणीत खल झाला, आणि मार्चच्या मध्याला भाऊसाहेब तिथून उत्तरेकडं निघाले. आता बोला. पानिपत पानिपत म्हणून सगळे हरियाणाकडं बघतात, पण फौज निघाली कुठून? तर आज जिथं पॅसेंजर मिनिटभर थांबते आणि शेंगावाला डब्यात चढतो, त्या परतूरहून! माझी तर सासुरवाडीच परतूर. मी त्या पानात एसटीचं तिकीट खूण म्हणून घातलं, चष्मा काढला, आणि छताकडं बघत जरा विचार केला.

तो विचार दिवाळीपर्यंत चालला.

म्हणजे तसं मी पुस्तक रोज उघडत होतो. पण परतूरनंतर फौजेची यादी लागते. कोण सरदार, किती स्वार, किती तोफा, किती हत्ती, बाजारबुणगे किती, यात्रेकरू किती. तिसऱ्या सरदाराला डोळा लागायचा. दुसऱ्या दिवशी पहिले दोन सरदार विसरलेले असायचे, म्हणून पुन्हा परतूर. भाऊसाहेब चिलखत चढवून, घोड्यावर बसून, माझ्याकडं बघत तसेच उभे. एकीकडं मनाला लागायचं. त्या माणसानं बायकापोरं, बुणगे, तोफा, यात्रेकरू असा अख्खा गाव घेऊन हजार किलोमीटरहून जास्त मजल मारली. ऑगस्टमध्ये दिल्ली, ऑक्टोबरात कुंजपुरा, जानेवारीत पानिपत. दहा महिने. आणि मी एकटा, आरामखुर्चीत, पंख्याखाली, पाठीवर शत्रू नाही, पोटाला उपास नाही, तरी माझ्याच्यानं चंबळसुद्धा ओलांडवेना. मी सरकारी खात्यातून निवृत्त झालोय. कागद पुढं सरकत नाही म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. पण इतकं?

वाचन थांबलं तरी शिफारस थांबत नाही, हे मला त्या सहा महिन्यांत कळलं. उलट नव्वद पानं वाचलेला माणूस पूर्ण पुस्तक वाचलेल्यापेक्षा जास्त शिफारस करतो, कारण त्याचा उत्साह अजून खर्च झालेला नसतो. मी टपरीवर, लग्नात, दवाखान्यातल्या बाकावर, न्हाव्याच्या दुकानात, दिसेल त्याला सांगत सुटलो. "पानिपत वाचा. सुरुवात परतूरपासून आहे!" ऐकणाऱ्याला वाटायचं, शेवटही यांना ठाऊक असेल. शेवट सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, ही माझी जमेची बाजू होती.

टपरीवर मात्र रोज हजेरी. "कुठवर आलं?" "अजून परतूर." पहिल्या महिन्यात लोक हसले, दुसऱ्यात काळजी करू लागले. जूनमध्ये व्हिडिओवाले गृहस्थ म्हणाले, "पेरण्या उरकल्या, भाऊसाहेब निघाले का?" मग मी सरळ खोटं बोललो. म्हणालो, "संपलं! काल रात्री संपलं." सगळ्यांनी आनंदानं मला चहा पाजला. त्या दिवशी पहिल्यांदा साखरेचा घेतला.

भाऊबीजेला मेहुणा आला. परतूरला त्याचं खत-बियाण्याचं दुकान. चांगला माणूस, पण पुस्तकाला हात लावलेला मी कधी पाहिला नव्हता. जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "दाजी, ताई म्हणती तुम्ही आपल्या गावाचा इतिहास वाचलाय म्हणं." मी हुरळलो. सगळी गोष्ट रंगवून सांगितली, म्हणजे नव्वद पानं. त्याचे डोळे चमकले. "द्या की मला. रब्बीच्या पेरण्या उरकल्या की दुकानात माशाच मारायच्या असत्यात."

आता इथं मला 'नाही' म्हणायला हवं होतं. पण 'नाही' म्हणायला कारण लागतं, आणि एकच कारण होतं ते सांगता येत नव्हतं. बायको दारातून म्हणाली, "अहो, तुमचं तर जूनमध्येच वाचून झालंय ना? द्या की त्याला." मी पुस्तक दिलं. दिलं म्हणजे सुटलो असंही वाटलं. पुस्तक परतूरचंच होतं, परतूरला गेलं.

उसनी दिलेली पुस्तकं कुणाकडं आहेत याची माझ्याकडं एक वही आहे. पानिपताच्या पराभवाची खबर आली ती म्हणे अशी, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, खुर्द्याची तर गणतीच नाही. माझी वही अशीच दिसते. त्यात मेहुण्याचं नाव लिहिलं आणि निवांत झोपलो.

आठव्या दिवशी रात्री नऊला फोन. "दाजी, दत्ताजी जानेवारीत पडला, मग भाऊ निघायला मार्च कामून उजाडला?" हे मला येत होतं! उदगीर, निजाम, तह, सगळं वीस मिनिटं सांगितलं. बायको ऐकत होती. लग्नाला चौतीस वर्षं झाली, इतक्या आदरानं ती माझ्याकडं क्वचितच बघते. ते माझं उदगीर होतं. त्यानंतर उतरती कळा.

"दाजी, भाऊनं दिल्लीत दिवाण-ए-खासचं चांदीचं छत काढलं आणि नाणी पाडली. बरोबर केलं का?"

मी छत काढल्यासारखा गार पडलो. म्हणालो, "त्यावर मतभेद आहेत."

"सूरजमल जाट निघून गेला, त्यात चूक कुणाची?"

"त्या काळाच्या नजरेनं बघायला पाहिजे."

"अब्दालीनं पुरातून बागपतपाशी यमुना ओलांडली, तवर आपले काय करत होते?"

"तू पुढं वाच. पुढं सगळं उलगडतं."

ही तीन वाक्यं मी वाचकांना फुकट देतो. कुठल्याही न वाचलेल्या इतिहासाच्या पुस्तकावर यांच्या जोरावर दोन तास बोलता येतं. माझा घात झाला तो चौथ्या वाक्यानं. त्या रात्री जेवण जरा जास्त झालं होतं. त्यानं विचारलं, "कुंजपुऱ्याबद्दल तुमचं काय मत, दाजी?" आणि मी पेंगत म्हणालो, "सज्जन माणूस होता."

पलीकडं शांतता. मग, "दाजी, ते गाव आहे."

"म्हणजे तिथला किल्लेदार म्हणतोय मी."

"तो तर अब्दालीच्या बाजूचा."

"शत्रू असला म्हणून माणूस सज्जन नसतो का?" मी इतक्या जोरात म्हणालो की मेहुणा गप्प झाला. मला वाटलं, पटलं असावं.

दुसऱ्या दिवशी मी गावातल्या एका वाचनालयात गेलो. पुस्तक होतं. कपाटाच्या काचेतून दिसतही होतं. कपाटाची किल्ली रजेवर होती. काचेला नाक लावून मी पुस्तकाचा कणा वाचला आणि घरी आलो. मग व्हिडिओवाल्या गृहस्थांना गाठून अकरा मिनिटांचं पानिपत मागितलं. त्यात सात मिनिटं ढोल आणि दोन मिनिटं 'आवडल्यास पुढं पाठवा.' त्यांनीच मग दुसरं सुचवलं, चारशे पानांचं दहा मिनिटांत. मी म्हणालो, परतूर ओलांडतो, मग बघू.

डिसेंबरभर फोन वाजले. नऊ वाजत आले की मी संडासात जाऊन बसायचो. बायको बाहेरून सांगायची, "अहो, पानिपताचा फोन आहे!" हळूहळू त्याचे प्रश्नही बदलले. आधी तो विचारायचा, आता सांगायला लागला. बुणगे बरोबर नेले नसते तर रसद पुरली असती का, यावर त्याचं स्वतःचं मत झालेलं. दुकानात गिऱ्हाईकाला तो युरियाच्या गोणीवर बसवून हे सांगतो म्हणे. आणि मी फोनवर "हं... हं..." करत ऐकत राहायचो. खरं सांगायचं तर सांगायचाही छान. एकदा तर मीच विचारलं, "मग पुढं?" आणि जीभ चावली.

संक्रांतीला, १४ जानेवारीला, पानिपताचीच तारीख साधून तो तिळगूळ घेऊन आला. पिशवीतून पुस्तक काढलं. त्याला बियाण्याच्या कंपनीच्या कॅलेंडरचं कव्हर घातलेलं, वर टपोरं कापसाचं बोंड. कडांना मातीची बोटं, मध्ये मध्ये फाडलेल्या बियाण्याच्या पाकिटांच्या खुणा, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं कुणाची तरी डीएपी खताची उधारी. म्हणाला, "घ्या दाजी. लई भारी पुस्तक. दोनदा वाचलं."

मी अभिमानानं पुस्तक हातात घेतलं. ते आपोआप एका ठिकाणी उघडलं. परतूर. मधोमध माझं एसटीचं तिकीट. त्यावरची शाई उडून ते पांढरंफटक झालं होतं. मी पुस्तक दिलं तेव्हा त्याच्या पुढच्या पानांच्या कडा कोऱ्या करकरीत होत्या, हे मला आत्ता आठवलं.

"पहिल्याच रात्री सापडलं," मेहुणा म्हणाला, तिळगुळाचा डबा उघडत. "जागचं हलू दिलं नाही. म्हणलं, दाजींची खूण आहे."

आतून बायको कान देऊन ऐकत होती. मी तिकिटाकडं बघत होतो.

"मग सांगू का दाजी," तो खुर्ची पुढं ओढत म्हणाला, "भाऊ परतूरहून निघाल्यावर काय झालं ते?"