भिंतीतली भेग

गावाकडच्या व्हॉट्सॲप गटावर सध्या घरांवरून वाद पेटलाय. घरकुल योजनेच्या पैशांत सिमेंटचं खुराडं बांधण्यापेक्षा आजीचं मातीचं घर गार आणि निरोगी होतं, असं पुण्या-मुंबईला स्थिरावलेले म्हणतात. गावात राहणारे म्हणतात, एक पावसाळा त्यात काढून दाखवा. मी दक्षिण इथिओपियात अर्बा मिंचला शिकवतो. वाद वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ओचोलोची मुलं येतात.

ओचोलो इथून जवळच, कड्यावर वसलेलं गाव. कड्याच्या कपारींत हायरॅक्स राहतात; सशाएवढे, बिनशेपटीचे प्राणी. त्यांच्या अंगातला लिश्मानिया नावाचा परजीवी वाळूमाशी उचलते आणि माणसाच्या कातडीत सोडते. माशी डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, गुणगुणतसुद्धा नाही. चावल्यावर काही आठवड्यांनी गाठ येते, चिघळते आणि महिनोन्महिने राहते. इथल्या अम्हारिक भाषेत याला कुंचिर म्हणतात. तो बहुतेक चेहऱ्यावरच होतो, आणि बहुतेक मुलांना. बरा झाला तरी व्रण जात नाही. वयात आलेल्या मुली गालावर ओढणी धरून बोलतात, ते बघवत नाही. उपचार म्हणजे कित्येक आठवडे रोज दुखरं इंजेक्शन. त्यासाठी दवाखान्याच्या गावी राहायचं, म्हणजे बापाची मजुरीही बुडाली.

धोका कुणाला जास्त? कपारीलगत घर असणाऱ्याला, गुहेपाशी खेळणाऱ्या आणि गुरं राखणाऱ्या पोराला. ही माशी फार लांब उडत नाही, म्हणून दोनशे पावलांचं अंतरही मोलाचं. सिमेंटचं घर बांधलं की प्रश्न मिटला, असंही नाही. मागच्या दारी कपार असेल तर माशी येतेच.

पण हिच्या जातभाईंना भिंतीही आवडतात. बिहारमध्ये काळा आजार हा जीवघेणा ताप पसरवणारी वाळूमाशी दिवसा ओलसर मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यांत दडते. शेणामातीच्या ओलीत तिच्या अळ्या वाढतात. आपल्याला हे परकं वाटायला नको. १९६५ साली ज्या विषाणूचा शोध लागला, तो नागपूरजवळच्या चांदिपुऱ्याच्या नावाने ओळखला जातो, आणि तोही वाळूमाशीच पसरवते. २०२४ मध्ये गुजरातेत त्याने लहान मुलांचे जीव घेतले.

म्हणून मला माती की सिमेंट हा प्रश्नच चुकीचा वाटतो. भेग कोण बुजवतं, हे विचारा. आजीचं घर चांगलं होतं, कारण ते दर वर्षी लिंपलं जायचं. पांढरी माती डोक्यावरून आणायची, भुसा घालून तुडवायची, भिंत पोतारायची, जमीन सारवायची. हे सगळं आजी, आई आणि काकू करायच्या, आणि या कामाला कुणी काम म्हटलं नाही. आता आईचे गुडघे गेलेत, वहिनी अंगणवाडीत जाते. मातीच्या घराचं कौतुक करणाऱ्यांपैकी एकानेही आजवर लिंपणाच्या मजुरीचा विषय काढलेला नाही.

गटावर मी एवढंच लिहिलं: ज्यांना मातीचं घर ठेवायचंय, त्यांना दर वर्षी लिंपणाचे पैसे सरकारने द्यावेत, ज्यांना पक्कं हवंय, त्यांच्या घरकुलाच्या रकमेत गोठा घरापासून लांब हलवण्याचा खर्चही धरावा. दोन दिवस झाले. आधी उत्तर आलं ते आईचं: मागच्या खोलीच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडलीय, येशील तेव्हा बघ.