घरी सांगू नकोस हां

आज सकाळी ८.१७च्या धीम्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात, कांजूरला दोन शाळकरी मुली चढल्या. आठवी-नववीतल्या असतील. दोन वेण्या, लाल रिबिनी, पाठीवर दप्तर. गर्दीत माझ्या कोपराला लागून उभ्या होत्या म्हणून ऐकू आलं. एक रडवेली झाली होती आणि दुसरी तिला दबक्या आवाजात बजावत होती, “घरी सांगू नकोस हां. शाळा बंद करतील तुझी.”

घाटकोपरला उतरून गेल्या दोघी. काय झालं होतं, कोणी केलं होतं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तोंड उघडेपर्यंत स्टेशन आलं, असं स्वतःला सांगतेय सकाळपासून. पण खरं म्हणजे ते वाक्य ऐकून माझी वाचाच गेली. हेच वाक्य मी १९९४ साली स्वतःला सांगितलं होतं.

विक्रोळी पार्कसाइटला डोंगरावर आमची खोली, शाळा खाली. बाकावरची मैत्रीण आणि मी रोज एकत्र उतरायचो. तिचं नाव लिहीत नाही, तिची मुलं फेसबुकवर आहेत. आठवीत असताना वाटेवरच्या पानटपरीशी एक मुलगा उभा राहायला लागला. मग सायकलवरून मागे यायला लागला. चिठ्ठ्या फेकल्या. एक दिवस त्याने तिची रिबीन ओढली, दुसऱ्या दिवशी माझी. त्या रात्री तिने आईला सगळं सांगितलं. मी नाही सांगितलं.

चार दिवसांत तिचे वडील शाळेत येऊन दाखला घेऊन गेले. गणितात ती माझ्यापेक्षा कितीतरी पुढे होती. बाई वडिलांना म्हणाल्या, “अहो, पोरगी हुशार आहे.” ते म्हणाले, “म्हणूनच काळजी वाटते.” मी वर्गाच्या दारातून बघत होते. तो मुलगा टपरीवरच होता. त्याला कोणी हलवलं नाही.

दुपारी ऑफिसात डबा खाताना हे सगळं डोक्यात होतं, म्हणून पाकिस्तानातल्या मलाला यूसुफझाईचं नाव मीच काढलं. तर एकजण म्हणाले, “तिचं काय हो, ती जाऊन बसली इंग्लंडात. नोबेल मिळालं, ऑक्सफर्ड झालं, कल्याण झालं तिचं.” आजूबाजूचे हसले. मी डबा बंद केला. तेव्हा भांडायला हवं होतं, ते आता इथे भांडतेय.

कल्याण झालं? शाळेसाठी बोलते म्हणून तालिबानने पंधरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात गोळी घातली हो. ९ ऑक्टोबर २०१२. परीक्षेचा पेपर देऊन मैत्रिणींबरोबर शाळेच्या गाडीतून घरी चालली होती. गाडी थांबवून विचारलं, मलाला कोण? शेजारच्या शाझिया आणि कायनात यांनाही गोळ्या लागल्या. पेशावर, रावळपिंडी, मग बर्मिंगहॅमचं हॉस्पिटल. ती इंग्लंडला सहलीला नव्हती गेली. आणि ज्यांना वाटतं की ती मागे वळून बघत नाही, त्यांच्यासाठी: नोबेलच्या पैशातून तिने शांगल्यात, आपल्या आईवडिलांच्या मुलखात, मुलींची शाळा उभी केली. तुम्ही-आम्ही आपल्या शाळेला साधा पंखा दिलाय का कधी?

बरं, राग बाजूला ठेवते. मला बोलायचंय ते गोळीबद्दल नाहीच. गोळीची बातमी सगळ्यांना पाठ आहे. मला तिची डायरी आठवत होती दिवसभर.

स्वातमध्ये, म्हणजे मलालाच्या गावाकडे, तालिबानने फर्मान काढलं होतं की १५ जानेवारी २००९ नंतर मुलींनी शाळेत जायचं नाही. बीबीसी उर्दूला तिथल्या एखाद्या शाळकरी मुलीची रोजनिशी हवी होती. आधी दुसरीच एक मुलगी लिहिणार होती. तिच्या आईवडिलांनी घाबरून नको म्हटलं. त्यांना मी दोष देत नाही, पण त्या पहिल्या मुलीचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. मग मलालाचे वडील झियाउद्दीन यूसुफझाई, जे स्वतः शाळा चालवायचे, त्यांनी आपल्या अकरा वर्षांच्या लेकीला पुढे केलं. नाव बदललं, गुल मकई.

पहिली नोंद ३ जानेवारी २००९ची. त्यात ती काय लिहिते? मला भीती वाटते, हे लिहिते. रात्री लष्करी हेलिकॉप्टरं आणि तालिबान स्वप्नात आले. वर्गात २७ पैकी ११ मुली आल्या. आणि शाळेतून घरी येताना मागून एका माणसाचा आवाज आला, “मी तुला मारून टाकीन.” तिने पावलं उचलली. थोड्या वेळाने वळून पाहिलं, तो मागे येतोय का. तो फोनवर दुसऱ्याच कोणाला तरी धमकावत होता.

ते वळून बघणं मला ठाऊक आहे. पार्कसाइटच्या उतारावर मी तसंच बघायचे. फक्त ती घरी आली आणि तिने ते लिहून काढलं, जगाला वाचायला दिलं. मी घरी आले आणि भात खाल्ला.

हो, स्वात आणि विक्रोळीची तुलना होत नाही, कळतं मला. तिथे शाळा बॉम्बने उडवत होते, इथे रिबीन ओढत होते. पण शेवटी शाळा सुटली ती सुटलीच ना? माझ्या मैत्रिणीला कोणत्या तालिबानने घरी बसवलं?

आणि ३ जानेवारी ही तारीख माझ्या मित्रयादीतल्या कोणाला समजावून सांगायला नको. सावित्रीबाईंचा जन्मदिवस. हे कोणी जुळवून आणलेलं नाही, पण मला ते वाचल्यापासून विसरता येत नाही. सावित्रीबाईही रस्त्यातूनच जायच्या ना. १८४८ साली शाळा सुरू झाली तेव्हा शेण-चिखल पडायचा तो शाळेत नाही, शाळेच्या वाटेवर. म्हणून एक लुगडं जास्तीचं बरोबर न्यायच्या. आपण दर वर्षी त्या लुगड्याचं कौतुक करतो, डोळे पुसतो, फोटोला हार घालतो. मला आज वेगळंच सुचतंय. संध्याकाळी ते भरलेलं लुगडं त्या घरी घेऊन जायच्या. लपवायच्या नाहीत. जोतीराव ते बघायचे, आणि दुसऱ्या दिवशी “राहू दे, नको जाऊस” म्हणायचे नाहीत. घरात खरं सांगता येत होतं आणि तरी शाळा चालू राहत होती.

मलालाच्या घरीही तेच. वडिलांना नंतर लोक विचारत राहिले, तुम्ही असं काय केलंत? त्यावर त्यांचं उत्तर आहे, मी काय केलं ते विचारू नका, काय केलं नाही ते विचारा, मी तिचे पंख कापले नाहीत. लोक टाळ्या वाजवतात. पण मला हे ऐकताना दरवेळी दाखला घेऊन जाणारे ते वडील दिसतात. वाईट नव्हते हो ते. गोदरेजमध्ये पाळी करायचे, पोरींना जत्रेत खांद्यावर घेऊन फिरायचे. भीतीपोटीच काढलं त्यांनी तिला. आज माझी लेक सातवीत आहे, क्लासवरून यायला दहा मिनिटं उशीर झाला तर माझे हातपाय गार पडतात. त्यामुळे त्यांची भीती मला कळते. एवढंच कबूल करते, यापुढे नाही. कारण दुसऱ्याच्या पोराची चूक आणि आपल्या पोरीचा दाखला, हा हिशोब मला तेव्हाही पटला नव्हता, आताही पटत नाही.

आपला शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा. आठवीपर्यंत. नेमकं तिथेच, जिथे पोरीच्या मागे सायकल लागते, तिथे कायद्याचा हात सुटतो. तिकडे अफगाणिस्तानात २०२१ पासून उघड उघड सहावीनंतर मुलींना शाळेची दारं बंद आहेत, त्यावर आपण सगळे हळहळतो. हळहळा. मीही हळहळते. पण इथे बंदीचा कागद निघत नाही, एक पोरगी कमी होते आणि हजेरी घेताना बाई पुढच्या नंबरावर जातात, एवढंच. आमच्या वर्गात तिचा नंबर २३ होता. आठवडाभर बाई तिथे अडखळायच्या. मग सवय झाली.

मी काय केलं सांगते. मी वाट बदलली. टपरी टाळून नाल्याच्या कडेने जायला लागले, वीस मिनिटं जास्त. घरी सांगितलं, सकाळचा जादा तास आहे. पावसाळ्यात नाला भरला की घसरत जायचे. दहावी झाले, कॉलेज झालं, नोकरी लागली. लोक म्हणतात, झोपडपट्टीतून वर आलीस, धाडसी आहेस. तेव्हा मला बोलायला काही सुचत नाही. धाडस तिने केलं होतं. तिने त्याच रात्री आईला खरं सांगितलं.

बऱ्याच वर्षांनी एका हळदीकुंकवाला ती भेटली. सतराव्या वर्षी लग्न झालेलं, दोन मुलं. हातावर वाण ठेवताना अचानक म्हणाली, “तुझ्याही मागे यायचा ना तो?” मी मान हलवली. “सांगितलं नाहीस ना घरी?” मी परत मान हलवली. म्हणाली, “बरं केलंस.” आणि पुढच्या बाईला कुंकू लावायला वळली.

मलालाने १२ जुलै २०१३ला, सोळाव्या वाढदिवशी, संयुक्त राष्ट्रांत भाषण केलं तेव्हा मी ते टीव्हीवर पाहिलं होतं. एक मूल, एक शिक्षक, एक पुस्तक, एक पेन जग बदलू शकतं, असं ती म्हणाली. सगळ्यांना ते पेन आवडलं. मला वाटतं, त्या यादीच्या आधी कुठेतरी एक घर लागतं, जिथे पोरगी येऊन सांगू शकते की आज वाटेत असं असं झालं. ते तिला मिळालं होतं. लोकलमधल्या त्या पोरीला नाही, नाहीतर तिला मैत्रिणीने असं बजावलं नसतं.

उद्या मी तीच ८.१७ पकडणार आहे, त्याच डब्यात. परवाही. दिसल्या तर विचारीन. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर त्यांना ठाऊक नसेल तर देईन. आईवडिलांशी बोलायला बरोबर येते म्हणून सांगीन. ऐकतील की नाही कोण जाणे, अनोळखी बाईवर का म्हणून विश्वास ठेवावा त्यांनी?

मघाशी आईला फोन केला. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, अजून पार्कसाइटलाच असते. एकतीस-बत्तीस वर्षं पोटात ठेवलेलं आज सांगून टाकलं. टपरी, सायकल, रिबीन, नाला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे पावसात पण तू नाल्यावरूनच जायचीस?”

म्हटलं, हो.

“जादा तास नव्हता?”

म्हटलं, नाही.

मग मी विचारलं, आई, तेव्हा सांगितलं असतं तर मला शाळेतून काढलं असतंस का गं?

ती म्हणाली, “तुझ्या पप्पांनी काढलंच असतं. आणि मी गप्प बसले असते.”