करून करून भागले, देवपूजेला लागले?

२०१३ च्या जूनमध्ये नेदरलँड्सचे माजी पंतप्रधान रूड लुबर्स एका माहितीपटाच्या कॅमेऱ्यासमोर बोलून गेले, की आमच्या फोल्कलच्या हवाई तळावर अजून २२ अमेरिकन अणुबॉम्ब आहेत. वर असंही म्हणाले, की ही खुळचट खेळणी २०१३ सालातही तिथेच पडलेली असतील असं मला वाटलं नव्हतं. देशात ज्याला त्याला ही गोष्ट ठाऊक होती. सरकार तेवढं हो म्हणत नव्हतं आणि नाहीही म्हणत नव्हतं.

आता हे लुबर्स कोण? १९८२ ते १९९४ अशी १२ वर्षं सलग पंतप्रधान. १९८३ च्या ऑक्टोबरात हेगमध्ये साधारण साडेपाच लाख माणसं अण्वस्त्रांविरुद्ध रस्त्यावर उतरली होती. एवढ्याशा देशात साडेपाच लाख! तरी दोन वर्षांनी याच लुबर्सच्या सरकारने अमेरिकेची ४८ क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवून घ्यायला होकार दिला. म्हणजे खुर्चीत होते तेव्हा होकार, आणि खुर्ची सुटून १९ वर्षं झाल्यावर "खुळचट".

माझी आजी असती तर एका ओळीत निकाल लावला असता: करून करून भागला आणि देवपूजेला लागला.

गेली काही वर्षं मी या 'माजी' मंडळींचं वाचतोय. युरोपची सुरक्षा, अण्वस्त्रकपात, निःशस्त्रीकरण हा विषय आपल्याकडे कुणी चवीने वाचत नाही, मलाही तो कसा चिकटला ते सांगता येणार नाही. पण एकदा वाचायला लागलं की पहिली गोष्ट डोळ्यात भरते ती ही, की सगळे माजी. माजी संरक्षणमंत्री, माजी परराष्ट्रमंत्री, माजी राजदूत, माजी सेनापती. आपल्याकडे माजी नगरसेवक निदान चौकातल्या फ्लेक्सवरून हात जोडून उभा तरी असतो. हे लोक निवेदनावर सही करतात.

सुरुवात धरायची तर ४ जानेवारी २००७. वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये चार अमेरिकनांचा लेख आला: जॉर्ज शुल्ट्झ, विल्यम पेरी, हेन्री किसिंजर आणि सॅम नन. दोन माजी परराष्ट्रमंत्री, एक माजी संरक्षणमंत्री, एक माजी सिनेटर. म्हणणं काय, तर जग अण्वस्त्रमुक्त व्हायला हवं. किसिंजर! १९५७ मध्ये मर्यादित अणुयुद्ध लढता येतं असं मांडून ज्याने नाव कमावलं तो माणूस. आणि १९७१ च्या डिसेंबरात बांगलादेश युद्धात बंगालच्या उपसागराकडे अमेरिकेची विमानवाहू नौका 'एंटरप्राइझ' निघाली तेव्हा व्हाइट हाउसमध्ये कोण बसलं होतं, हे आपल्याकडच्या साठीपुढच्या माणसाला सांगावं लागत नाही.

त्या लेखाची मग साथच आली. २००८ मध्ये ब्रिटनचे चार माजी मंत्री: डग्लस हर्ड, माल्कम रिफकिंड, डेव्हिड ओवेन आणि जॉर्ज रॉबर्टसन. २००९ मध्ये जर्मनीचे चार माजी नेते: हेल्मुट श्मिट, रिचर्ड फॉन वाइझेकर, एगॉन बार आणि गेन्शर. सगळीकडे चार-चार जण, ब्रिज खेळायला बसल्यासारखे. त्या एप्रिलमध्ये ओबामा प्रागला जाऊन तेच बोलले, आणि काही काळ खरंच वाटलं, की आता होतंय काहीतरी.

याच हवेत २०११ मध्ये लंडनला युरोपियन लीडरशिप नेटवर्क नावाचा थिंक टँक निघाला. काढणारे डेस ब्राउन. हेही माजीच, ब्रिटनचे संरक्षणमंत्री. मार्च २००७ मध्ये ब्रिटनच्या संसदेने ट्रायडंट पाणबुड्यांच्या जागी नव्या बांधायच्या यावर ४०९ विरुद्ध १६१ असं मतदान केलं, तेव्हा संरक्षण खातं यांच्याकडेच होतं. म्हणजे नव्या अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांचा रस्ता करून दिला आणि चार वर्षांनी अण्वस्त्रकपातीची संस्था काढली. आजी, ऐकतेयस ना?

आणि हा रस्ता एकाच दिशेचा नाही, उलटही जातो. जॉर्ज रॉबर्टसन २००८ मध्ये अण्वस्त्रमुक्तीच्या बाजूने सही करणारे. २०२५ मध्ये ब्रिटनचा मोठा संरक्षण आढावा त्यांच्याच नेतृत्वाखाली झाला, आणि त्यात शिफारस काय? नाटोच्या अण्वस्त्र मोहिमेत ब्रिटनने जास्त सहभागी व्हावं म्हणून अमेरिकेशी बोलणी सुरू करा. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनने अणुबॉम्ब वाहून नेऊ शकणारी १२ एफ-३५ए विमानं घेणार असल्याचं जाहीर केलं. जर्मनीचे योश्का फिशर तर ग्रीन पक्षाचे. १९९८ मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्या झाल्या, नाटोने अण्वस्त्र पहिल्यांदा वापरणार नाही असं म्हणावं, असा आग्रह धरून त्यांनी अमेरिकेचा रोष ओढवून घेतला होता. २०२३ च्या शेवटी तेच म्हणाले, की युरोपला स्वतःची आण्विक धाक-शक्ती हवी.

यावर छद्मी हसणं फार सोपं आहे. मीही हसत होतो. पण वाचत गेलो तसं माझं मत थोडं सरकलं.

कारण या लोकांची जी गोष्ट खरोखर कामाला आली, ती त्यांची निवेदनं नव्हती.

१९८० मध्ये स्वीडनच्या ओलोफ पाल्मेंनी निःशस्त्रीकरण आणि सुरक्षेवर एक स्वतंत्र आयोग नेमला. स्वतः पाल्मे तेव्हा माजी पंतप्रधान, निवडणूक हरलेले. आयोगात अमेरिकेचे सायरस व्हान्स, ब्रिटनचे तेच डेव्हिड ओवेन, पश्चिम जर्मनीचे एगॉन बार, नॉर्वेच्या ब्रुंटलान्ड. सोव्हिएत बाजूने गेओर्गी आर्बातोव, मॉस्कोतल्या अमेरिका-अभ्यास संस्थेचे प्रमुख. आणि भारताकडून सी. बी. मुथम्मा. भारतीय परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला, बढती दिली नाही म्हणून ज्यांनी सरकारलाच सर्वोच्च न्यायालयात खेचलं होतं आणि न्या. कृष्णा अय्यर यांनी १९७९ मध्ये सरकारचे कान उपटले होते. त्या या टेबलावर होत्या हे मला फार उशिरा कळलं. आपल्या शाळेच्या पुस्तकात का नसतं हे?

आयोगाचा अहवाल १९८२ मध्ये आला. गाभा एका वाक्याचा: अणुयुगात शत्रूला असुरक्षित करून तुम्ही सुरक्षित होऊ शकत नाही, सुरक्षा दोघांची मिळूनच. त्या वर्षी हे कुणी मनावर घेतलं नाही. ब्रेझनेव्ह आजारी, रेगन जोरात. पण आर्बातोव ही कल्पना खिशात घालून मॉस्कोला गेले. तीन वर्षांनी गोर्बाचेव्ह आले तेव्हा ती त्यांच्या कानावर घालणारा माणूस तिथे आधीच बसलेला होता. डिसेंबर १९८७ मध्ये रेगन-गोर्बाचेव्ह यांनी आयएनएफ करारावर, म्हणजे जमिनीवरून डागायची मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं नष्ट करण्याच्या करारावर, सह्या केल्या आणि पुढच्या साडेतीन वर्षांत २,६९२ क्षेपणास्त्रं मोडीत निघाली, एकमेकांच्या निरीक्षकांसमोर. लुबर्सनी होकार दिलेली ती ४८ मग नेदरलँड्समध्ये पोचलीच नाहीत. पाल्मे मात्र हे बघायला नव्हते. फेब्रुवारी १९८६ मध्ये सिनेमा बघून बायकोबरोबर चालत घरी जाताना स्टॉकहोमच्या रस्त्यावर त्यांना गोळी घातली गेली.

करार आयोगाने केला असं मी म्हणत नाही. पण बार आणि आर्बातोव एकमेकांना ओळखत होते. एकत्र जेवले होते, भांडले होते. कुठल्या शब्दाला समोरचा चिडतो हे दोघांना माहीत होतं. माझ्या मते माजी लोकांचं भांडवल एवढंच, कुंपणापलीकडची ओळख. शहाणपण नव्हे. शहाणपण त्यांच्याकडे पदावर असतानाही असायला हवं होतं.

सॅम नन यांचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं, कारण आजीची म्हण त्यांना लागू पडत नाही. १९६२ मध्ये क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अणुयुद्ध तोंडावर आलं तेव्हा हा २४ वर्षांचा पोरगा संसद समितीचा कर्मचारी म्हणून जर्मनीत रामस्टाइनच्या तळावर होता. तिथे ऐकलेलं त्यांच्या डोक्यातून कधी गेलं नाही. पुढे सिनेटर झाले आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळत असताना रिपब्लिकन रिचर्ड लुगर यांना बरोबर घेऊन कायदा करून घेतला: अमेरिकेच्या पैशाने सोव्हिएत अण्वस्त्रं मोडीत काढायची. शत्रूचा बाँब मोडायला आपला पैसा! पण साडेसात हजारांहून अधिक अण्वस्त्रं त्यातून निकामी झाली.

२००१ मध्ये, माजी झाल्यावर, सीएनएनच्या टेड टर्नर यांच्या पैशातून त्यांनी न्यूक्लिअर थ्रेट इनिशिएटिव्ह ही खाजगी संस्था काढली. पुढच्याच वर्षी बेलग्रेडजवळच्या विन्चा संस्थेचा प्रश्न आला. तिथे जुन्या अणुभट्टीसाठी ४८ किलो अतिसमृद्ध युरेनियम पडून होतं, दोनेक बॉम्बना पुरेल इतकं, आणि बंदोबस्त यथातथाच. सर्बिया (तेव्हाचा युगोस्लाव्हिया) म्हणत होता, युरेनियम न्या, पण इथला वापरलेल्या इंधनाचा कचराही निस्तरायला मदत करा. अमेरिकी सरकारला कायद्याने त्या कचऱ्यावर पैसा खर्च करता येईना. अडलं. मग या खाजगी संस्थेने ५० लाख डॉलर टाकले आणि ऑगस्ट २००२ च्या एका पहाटे सैनिकांच्या कडेकोट पहाऱ्यात ते युरेनियम विमानात चढून रशियाला गेलं.

हे काम ना भाषणाचं ना घोषणेचं. कुठली फाइल कुठल्या कलमाखाली अडेल आणि कुणाला फोन केला तर सुटेल, हे माहीत असलेल्या माणसाचं. सरकारी कचेरीत ज्याने चार वर्षं काढली आहेत त्याला मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

म्हणून मला आत्ताची भीती वेगळीच वाटते. वाइझेकर, बार, श्मिट, गेन्शर, हे चौघे जर्मन २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत गेले. शुल्ट्झ २०२१ ला, गोर्बाचेव्ह २०२२ ला, किसिंजर २०२३ ला. २०१३ मध्ये नन, ब्राउन, जर्मनीचे माजी राजदूत इशिंगर आणि रशियाचे माजी परराष्ट्रमंत्री इगोर इवानोव यांनी मिळून एक अहवाल दिला होता. मुद्दा साधा: संकटात नेत्यांना विचार करायला चार मिनिटं जास्त मिळतील अशी व्यवस्था करा. पुढच्याच वर्षी रशियाने युक्रेनचा क्रिमिया गिळला. २०१९ मध्ये आयएनएफ संपला, २०२३ मध्ये रशियाने न्यू स्टार्ट, म्हणजे दोघांच्या लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा अमेरिकेबरोबरचा करार, स्थगित केला, आणि ५ फेब्रुवारी २०२६ ला त्याची मुदतच संपली. पैसाही आटतोय. या क्षेत्राला सगळ्यात जास्त देणाऱ्यांपैकी एक असलेल्या मॅकआर्थर फाउंडेशनने २०२१ मध्येच अंग काढून घ्यायचं ठरवलं.

तेव्हा आज जे मंत्री आहेत, ते दहा वर्षांनी माजी होतील तेव्हा त्यांच्या फोनमध्ये मॉस्कोतला एक तरी नंबर असेल का? निवेदन काढायला मिळेल. आर्बातोव कुठून आणणार?

एक आक्षेप मला मान्य करावाच लागतो, आणि तो युक्रेनचा आहे. ५ डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्टच्या कागदावर, ज्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने त्यांच्या सीमा मानायचं आश्वासन दिलं होतं, त्यांनी विश्वास ठेवला, सुमारे १,९०० सामरिक अण्वस्त्रं रशियाला परत पाठवली, आणि त्याच रशियाने त्यांच्यावर चाल केली. कीव्हमधल्या माणसासमोर 'सुरक्षा दोघांची मिळून' हे वाक्य मी तरी उच्चारणार नाही. त्या अण्वस्त्रांची कळ मॉस्कोच्या हातात होती, युक्रेनला ती तशी वापरताच आली नसती, हे खरंय. पण हे आपण इथे बसून म्हणायचं, त्यांनी घरात मेणबत्ती लावून ऐकायचं. फिशर का उलटले हे मला कळतं. पटत नाही, पण कळतं.

आपल्याकडचं एक सांगून टाकतो, कारण 'युरोपचं युरोपला' असं कुणीतरी म्हणणारच. भारत आणि पाकिस्तान १९९२ पासून दर १ जानेवारीला एकमेकांना आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या देतात. १९८८ च्या करारानुसार, या ठिकाणांवर हल्ला करायचा नाही म्हणून. कारगिल झालं, २६/११ झालं, तरी याद्या गेल्या. ही असली रटाळ गोष्ट कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेली असते म्हणून टिकते.

४ जून १९९६ चा एक फोटो आहे. युक्रेनमधलं पेर्वोमायस्क. जिथे अमेरिकेवर रोखलेली क्षेपणास्त्रं जमिनीखाली उभी होती, ती जागा बुजवून सपाट केलेली. अमेरिकेचे संरक्षणमंत्री पेरी, रशियाचे ग्राचेव्ह आणि युक्रेनचे श्मारोव, तिघे सुटाबुटात आणि गणवेशात वाकून सूर्यफुलाची रोपं लावतायत. यातला एकही तेव्हा माजी नव्हता. तिघेही पदावर होते.