जुनं नाव का विचारलं, याबद्दल आमच्या कायदेशीर सल्ला केंद्राकडून उत्तर

नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि खरं सांगते, झोप लागली नाही. तुम्ही लिहिलंय की रिसेप्शनवर आधी 'दादा' म्हटलं, मग वेटिंगमधल्या सगळ्यांसमोर जुनं, म्हणजे तुम्ही आता वापरत नाही ते नाव विचारलं, फॉर्ममध्ये तुमच्यासाठी रकानाच नव्हता, आणि शेवटी 'क्वीअर लोकांनी (म्हणजे समलैंगिक, ट्रान्स वगैरे) इथे पाऊलसुद्धा टाकू नये'. जे झालं त्याबद्दल मनापासून माफी मागते. चार माणसं बसलेली असताना असं कुणालाही विचारायचं नसतं, ते चुकलंच.

तुमचं काम काय होतं, काय बोलणं झालं, यातलं एक अक्षरही मी इथे लिहिणार नाही. तुम्ही स्वतः लिहिलंत म्हणून वकिलाला बोलायची मोकळीक मिळत नाही. त्यामुळे माझी बाजू अर्धीच दिसेल, दिसू दे.

पण 'मुद्दाम अपमान करायला जुनं नाव उकरून काढलं' हे वाक्य फार लागलं, म्हणून त्यावर थोडं लांबलं तरी सांगते. कोणतीही केस घ्यायच्या आधी आम्हाला बघावं लागतं की समोरची पार्टी आधी आमच्याकडेच सल्ला घेऊन गेलीय का. आता समोरचे म्हणजे घरचे असोत, घरमालक असो की नोकरीवरून काढणारा मालक, ते आमच्याकडे नाव कोणतं सांगून गेले असतील? जुनंच, कारण नवं नाव ते मानतच नाहीत. आम्ही फक्त नवं नाव शोधलं तर काही सापडत नाही, केस घेतो, तुम्ही विश्वासाने सगळं सांगता, आणि दोन महिन्यांनी कळतं की समोरच्यांचीही गोपनीय माहिती आमच्याच कपाटात आहे. मग दोघांचंही काम सोडावं लागतं आणि तारीख तोंडावर आलेली असताना तुम्ही नवा वकील शोधत फिरणार. परत कागदांचं आहेच, दाखल्यावर एक नाव, बँकेत एक आणि प्रतिज्ञापत्रावर तिसरंच असलं की समोरचा वकील पहिल्यांदा हेच विचारतो की ही व्यक्ती तीच कशावरून. म्हणून 'पूर्वीचे नाव' आम्ही एकदाच, एकाच ठिकाणी टाकतो आणि बाकी सगळीकडे तुमचंच नाव. हे सगळं मी दार बंद करून, आधी कारण सांगून विचारते, नेहमी. त्या दिवशी मी आत दुसऱ्यांसोबत होते, आणि तुम्हीच लिहिलंय की फॉर्म अर्धा टाकून निघून गेलात. दहा मिनिटं मिळाली असती तर बरं झालं असतं, एवढंच म्हणते.

फॉर्मबद्दल मात्र वाद घालणार नाही. 'पुरुष/स्त्री' आणि 'पती/पत्नीचे नाव' हे तर आहेच, पण तब्येतीच्या रकान्यात 'मानसिक आजार' खाली जे छापलंय ते वाचून माझीच मान खाली गेली. समलैंगिकता जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच आजारांच्या यादीतून काढली, आणि ट्रान्स असणं, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी असणं, हा मानसिक आजार नाही हे त्यांच्या २०१९ ला मंजूर झालेल्या, २०२२ पासून लागू झालेल्या यादीतही आलं. आम्ही मात्र जुन्याच फॉर्मच्या झेरॉक्स काढत राहिलो. तो रकाना आजच काढलाय.

दोघींचं ऑफिस आहे हो हे, फी ज्याला जेवढी झेपेल तेवढी. घरच्यांनी कोंडून ठेवलेल्या मुलींसाठी, पार्टनर गेल्यावर सासर-माहेर दोन्हीकडून बाहेर काढलेल्या माणसांसाठी इथे रात्री अकरापर्यंत बसून अर्ज टाईप केलेत, त्यातलं एकही नाव मी सांगू शकत नाही, सांगणारही नाही. आणि आता असंच कुणीतरी घाबरत घाबरत वकील शोधत असेल, त्याला आधी तुमचा रिव्ह्यू दिसेल. धंद्याची काळजी आहेच, खोटं कशाला बोलू, पण ही त्याहून जास्त आहे.

रिसेप्शनवरच्या मुलीशी बोलले, तिला खूप वाईट वाटलंय. यापुढे ताई-दादा बंद. 'या, बसा, काय नावाने हाक मारू' एवढं पुरतं, मराठीत 'आलात' म्हटलं की बाई-पुरुष कळायची गरजच पडत नाही. जुनं नाव फक्त आतल्या खोलीत, लिहून. फोन कोणत्या नंबरवर करायचा, मेसेज ठेवायचा की नाही, घरी पत्र पाठवायचं का, हेही फॉर्ममध्ये येईल, आणि ट्रेनिंगचंही लवकरच बघतोय.

तुमचं काम अजून बाकी आहे का, मी विचारत नाही. पण दावा लावायला, अपील करायला मुदत असते आणि रागावून बसलं तरी ती थांबत नाही, तेव्हा आमच्याकडे नको असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा, पण जा. रिव्ह्यू काढून टाका असं म्हणत नाही. फक्त तो 'मुद्दाम' शब्द जमलं तर काढा.