२१ दिवस आणि अर्धा इंची वायसर

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. शाळेतल्या मैत्रिणीने फॉरवर्ड पाठवला होता. '२१ दिवसांत दुःखातून आनंदाकडे, रोज फक्त दहा मिनिटं.' मागे उगवता सूर्य, त्याच्यासमोर हात पसरून उभं कुणीतरी. खाली तिने स्वतः टाइप केलेली एक ओळ, "तुझी आठवण आली रे."

आली असेल. पण २१ दिवस?

बायको जाऊन सोळा महिने झाले. मधल्या काळात मुलगी शिकायला बाहेर गेली, मी नोकरी सोडली. तिघांच्या घरात आता मी एकटा. एकविसाव्या दिवशी मी काय करत होतो ते मला चांगलं आठवतंय. तिच्या मोबाइलचं बिल भरत होतो. नंबर बंद करायचा अर्ज माझ्याने लिहवत नव्हता.

डोकं इतकं फिरलं की हे २१ आलं कुठून तेच शोधत बसलो. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकी प्लास्टिक सर्जन होते. १९६० साली त्यांनी लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला साधारण किमान २१ दिवस लागतात. किमान! तेवढा एक शब्द पुढे कुठेतरी सांडला आणि उरलेल्या आकड्यावर लोकांनी कोर्स काढले. लंडनच्या संशोधकांनी ९६ जणांच्या रोजच्या साध्या सवयी तपासल्या, ते २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस, कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा त्यांचा हिशेब. आणि सवयी कसल्या, तर पाणी पिणं, थोडं पळणं असल्या. बाहेरून आल्यावर "आलो गं" न म्हणता दार लावून घ्यायची सवय किती दिवसांत लागते, ते मोजायला त्यातलं कुणी माझ्या घरी आलं नव्हतं.

आता नळाचं सांगतो. ज्यांनी आधी ऐकलंय त्यांनी पुन्हा ऐका.

आमच्या घरात पाना तिच्या हातात असायचा. नळ, फ्यूज, कडी, बिजागरी, सगळं तिच्याकडे. मी टॉर्च धरायचो, तोही चुकीच्या जागी. ती गेल्यावर पाचव्या महिन्यात न्हाणीतला नळ गळायला लागला. मी तीन आठवडे काहीच केलं नाही. नळाला एक दोरी बांधून बादलीत सोडली, म्हणजे थेंब दोरीवरून उतरेल आणि आवाज येणार नाही. ही आयडिया मात्र माझी. पण एका रात्री दोरी सरकली आणि दोन वाजता टप, टप सुरू झालं. उठलो, माळ्यावरून तिचा हत्यारांचा डबा काढला. तळाशी कागदाची पुडी. वर तिच्या अक्षरात, 'वायसर, अर्धा इंच'. आत सहा.

त्या सहा वायसरांकडे बघत मी किती वेळ बसलो कुणास ठाऊक. नळ गळणार हे तिने धरूनच ठेवलं होतं. एकदा नव्हे, सहादा.

त्यामुळे मला कुणी श्रद्धा शिकवायला आलं की माझं टाळकं सटकतं. "जे होतं ते चांगल्यासाठीच होतं." कुणाच्या चांगल्यासाठी? नावं सांगा. "तू आता स्वीकाराच्या टप्प्यात आहेस," असंही एकाने ऐकवलं. नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार, हे ते पाच टप्पे एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ मध्ये मांडले, ते मरणाच्या दारातल्या पेशंटांशी बोलून. म्हणजे असलेच तर ते तिचे टप्पे होते, माझे नव्हेत. आणि तिने ते ओळीने पार केल्याचं मला तरी दिसलं नाही. शेवटच्या आठवड्यात ती एकाच दुपारी चिडली, हसली आणि गिझरची दुरुस्ती राहिली म्हणून हळहळली.

हो, दुःखात कायमचं अडकून पडणाऱ्यांना डॉक्टरची गरज असते, हे मान्य. मोठ्या माणसांसाठी अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या पुस्तकात २०२२ पासून त्याला निदानही आहे, मुदत माणूस गेल्यापासून किमान बारा महिन्यांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत सहाच. मीही सातव्या महिन्यात जाऊन आलो, उपयोग झाला, हे इथे लिहायचं नव्हतं पण लिहिलं. त्या डॉक्टरबाईंनी तरी बरं व्हायची तारीख दिली नाही. "परवा काय करणार आहात?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "नळ बघतो."

कारण तोवर तो पुन्हा गळायला लागला होता. त्या पहिल्या रात्री मी मेन कॉक बंद न करताच नळ उघडला. पाण्याचा फवारा थेट छताला! मी चिंब, चष्मा कुठेतरी बादलीत. कसंबसं पाणी बंद करून वायसर बसवला, पण जुना वायसर आतच चिकटलेला, त्यावरच नवा दाबला. तो टिकणार कसा? डॉक्टरबाईंकडून आल्यावर सगळं पुन्हा खोललं, जुना खरवडून काढला, पुडीतला दुसरा घातला. मेन कॉक हळूच उघडला आणि स्टुलावर बसून नळाच्या तोंडाकडे बघत राहिलो. एक थेंब जमला. लोंबला. पडला नाही.

देव आहे की नाही ते मला आजही सांगता येत नाही. पण त्या थेंबाकडे बघताना आतून जे काही चाललं होतं, त्याला श्रद्धेशिवाय दुसरा शब्द माझ्याकडे नाही. ज्यांचं लग्न मोडलंय, नोकरी गेलीय, शरीराने दगा दिलाय, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. बाकीच्यांनी अंगठा दाखवून पुढे जा.

एवढं लिहून झाल्यावर वाटतंय, त्या मैत्रिणीवर उगाच तापलो. हॉस्पिटलच्या बाकावर सलग दोन रात्री माझ्याशेजारी तीच बसली होती, एक शब्द न बोलता. तेव्हा तिला बरोबर कळलं होतं. आता सोळा महिन्यांनी काय बोलावं ते सुचत नसेल, म्हणून सूर्य पाठवला असेल. अजून उत्तर दिलेलं नाही. हे वाचशील तर तेच उत्तर समज, आणि शिव्या फॉरवर्डला आहेत, तुला नाहीत.

बेसिनचा नळ परवापासून ठिबकतोय. पुडीत चार उरलेत. टॉर्च धरायला कुणी नाही, तो दातात धरावा लागतो. जातो, आधी मेन कॉक बंद करतो.