सगळं खापर संगतीवरच का?

'पोरं वाईट संगतीनं सिगारेट ओढतात. दोन कानाखाली दिल्या की सुटते. नाही सुटली तरी नोकरी-लग्न झालं की आपोआप थांबते.' सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. त्याखाली कुणीतरी भर घातलीय, 'संगत म्हणजे पूर्व भागातली विडीवाल्यांची पोरं.'

आधी ही भर. हजार विड्यांच्या हिशेबानं मजुरी घेणारी बाई सूप मांडीवर घेऊन दिवसभर तेंदूपत्ता कापते, विड्या वळते ती पोटासाठी. वळणं आणि ओढणं यांची गल्लत करू नका.

संगतीचं म्हणणं अर्धंच खरं. मित्रामुळे पोरगं ओढायला लागतं, तसंच ओढणारं पोरगं ओढणारेच मित्र शोधतं. शिवाय घरात आई-वडील ओढत असतील तर मुलांनी सुरुवात करण्याची शक्यता वाढते, आणि त्यांनी सोडली तर ती कमी होते. 'जा रे, टपरीवरून एक घेऊन ये' म्हणणारे वडीलच हा मेसेज पुढे पाठवतात, त्याला काय म्हणावं! १८ वर्षांखालच्यांना सिगारेट विकायला बंदी आहे. सुटी सिगारेट विकणं राज्यानं २०२० मध्येच बंद केलं. तरी क्लास सुटल्यावर टपरीवर बघा: दोरीला लोंबकळणारा लायटर, तिघांत एक सिगारेट, प्रत्येकाचे दोन झुरके. पाकीट घ्यायला लागलं असतं तर त्यातल्या दोघांनी तरी नाद सोडला असता, असं मला वाटतं.

कानाखाली दिल्यानं काय होतं? पोरगं पेपरमिंट चघळून, हात धुऊन घरी यायला शिकतं. 'टेन्शन होतं म्हणून ओढली' हे तो मग घरी कधीच सांगत नाही. खरं तर झुरक्यानं बरं वाटतं ते बरंचसं निकोटीनच्याच तलफेतून सुटका झाल्यामुळे, पण हे त्याला समजावणार कोण?

'आपोआप थांबते' हे तर सगळ्यात घातक. रोज न ओढणाऱ्या काही किशोरांमध्येही थोड्याच आठवड्यांत तलफेची लक्षणं दिसतात. मोठेपणी ओढणाऱ्या अनेकांची सुरुवात याच वयातली.

सोडताना पहिला आठवडा सगळ्यात जड जातो. चिडचिड होते, झोप लागत नाही. त्याला उर्मटपणा समजून परत फटके देऊ नका. १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथे बोलता येतं. आणि साठीतल्या कॅन्सरची भीती कशाला घालता? पोलीस भरतीची तयारी करणाऱ्याला १६०० मीटर धावताना लागणारी धाप लवकर पटते.